माल आपला, किल्ली दुसऱ्याची

(नभोवाणीवरील भाषण)

भिवंडीच्या माणसाला गोदाम म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. अंजूरफाट्यापासून मानकोलीपर्यंत आणि राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ या गांवांच्या शिवारांत जिकडे पाहावें तिकडे गोदामांच्या लांबच लांब रांगा उभ्या आहेत. मुंबईची जकात टाळण्यासाठीं ज्या मालानें एके काळीं येथें मुक्काम केला, तो माल १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर येऊन ती जकात संपल्यावरहि येथेंच उतरत राहिला आहे. या गांवचा गोदामाचा व्यवहार मोठा सरळ. माल ठेवणाराचा, गाळा गोदामवाल्याचा. महिन्याचें भाडें ठरतें, पावती होते, आणि माल उचलावयाचा झाला म्हणजे हिशेब चुकता करून, टेंपो लावून, गांठी भरून माणूस चालूं लागतो. गोदामवाल्याचें कुलूप गाळ्याला असतें. आंतल्या गांठींना नसतें.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे, त्यांत हा साधा भेद पुसट होऊं लागला आहे. आपले जमाखर्च, आपलीं बिलें, आपले नकाशे, आपले नमुने आतां कागदावर राहिलेले नाहींत. ते संगणकावर गेले आहेत. आणि संगणकावर तीं कामें करण्याचें जें साधन, ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतों, तें बहुधा विकत न मिळतां वर्गणीनें मिळूं लागलें आहे. वर्गणी थांबली म्हणजे साधन परत जावें हें ठीकच आहे. परंतु साधनाबरोबर आपण स्वतः केलेलें कामहि आपल्या हातचें जावें, हें कितपत ठीक आहे, याचा विचार आपण करूं.

‘वर्गणी’ हा शब्द आपणांस नवा नाहीं. मासिकांच्या वर्गण्या आपण वर्षानुवर्षें भरीत आलों आहोंत. एखाद्या वर्षीं वर्गणी भरावयाची राहिली तर पुढचा अंक येत नाहीं. परंतु मागचे अंक आपल्या कपाटांतून कोणी उचलून नेत नाहीं. शिवाय त्या अंकांच्या समासांत आपण पेन्सिलीनें कांहीं टिपून ठेवलें असेल तर तें आपलेंच राहतें. नव्या वर्गणीचा नियम मात्र निराळा आहे. ती थांबली म्हणजे मागचे अंक कपाटांतच राहतात, पण कपाट उघडत नाहीं.

हा बदल कसा झाला तें थोडक्यांत सांगतों. वीस वर्षांपूर्वीं सॉफ्टवेअर पेटींतून विकत मिळे. तबकडी आणावी, संगणकांत चढवावी आणि संगणक चालेल तोंवर वापरावी. नवी आवृत्ति निघाली तर घ्यावी, नाहीं तर जुन्या आवृत्तीवर भागवावें. २००४ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यांत असें तयार सॉफ्टवेअर विक्रीकराच्या दृष्टीनें ‘माल’च होय, असा निर्णय दिला. म्हणजे साखरेच्या पोत्याप्रमाणें तें विकलें जात होतें आणि विकत घेतलें जात होतें. पुढील दहा-बारा वर्षांत ही रीत विक्रेत्यांनींच बदलली. मायक्रोसॉफ्टनें २०११ सालीं ‘ऑफिस ३६५’ वर्गणीनें देण्यास आरंभ केला. ॲडोबीनें ६ मे २०१३ रोजीं जाहीर केलें कीं, चित्रकाराच्या आणि छापखान्याच्या कामाचीं आपलीं प्रमुख साधनें यापुढें नव्या रूपांत केवळ वर्गणीनेंच मिळतील. ‘ऑटोकॅड’ तयार करणाऱ्या ऑटोडेस्कनें आपल्या बहुतेक सुट्या साधनांचे नवे कायमचे परवाने ३१ जानेवारी २०१६ नंतर देणें थांबविलें.

यांत विक्रेत्याचा स्वार्थ आहे. पण केवळ स्वार्थच आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. पूर्वीं एकदम मोठी रक्कम मोजावी लागे; ती लहान व्यापाऱ्याला परवडत नसे, आणि मग तो चोरून केलेल्या नकलेवर काम भागवी. आतां महिन्याकाठीं थोडे पैसे देऊन त्याला उजळ माथ्यानें काम करतां येतें. कायदे बदलतात, दर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं वस्तु व सेवा कराचे दर बदलले, तेव्हां हिशेबाच्या साधनांतहि त्याप्रमाणें फेरफार करावे लागले. अशी देखरेख कोणी फुकट करणार नाहीं. भाडें घेणें हा गुन्हा आहे, असें निदान भिवंडीनें तरी म्हणूं नये. तेव्हां माझी तक्रार भाड्याविरुद्ध नाहीं. भाडें साधनाचें असावें, आंत ठेवलेल्या मालाचें नसावें, एवढेंच माझें म्हणणें आहे.

मी व्यवसायानें हिशेबनीस आहें, म्हणून माझ्या दप्तरांतीलच एक हकीकत सांगतों. आमच्याकडे सुताचा आणि कोऱ्या कापडाचा व्यापार करणारे एक वृद्ध शेठ येत असत. त्यांच्या मुलानें २०१८ सालीं जुन्या वह्या बंद केल्या आणि सर्व जमाखर्च एका वार्षिक वर्गणीच्या सेवेकडे नेला. संगणक उघडावा, नांव व परवलीचा शब्द द्यावा, आणि कोठूनहि आपली खतावणी पाहावी, अशी ती सोय होती. चार वर्षें सर्व सुरळीत चाललें. वर्गणी कधीं एक दिवसहि थकली नाहीं. पुढें साथीच्या दिवसांत धंदा आटला, मुलगा नोकरीला लागला, आणि २०२२ च्या मार्चनंतर त्यांनीं ती वर्गणी भरली नाहीं. कागदी बिलें होतीं. पण एका पावसाळ्यांत तळमजल्यावर पाणी शिरलें आणि त्यांचा लगदा झाला. संगणकावर सर्व आहेच, या भरंवशावर त्याचें कोणाला फारसें दुःखहि झालें नाहीं.

२०२३ च्या अखेरीस करखात्याची नोटीस आली. २०१८-१९ या वर्षांत सूतखरेदीवर जो कर वळता करून घेतला होता, त्याचीं बिलें दाखवा, अशी मागणी होती. शेठांनीं संगणक उघडला. पडद्यावर उत्तर आलें कीं आपली मुदत संपली आहे. मीं त्या कंपनीच्या माणसाशीं फोनवर बोललों. माणूस सभ्य होता. त्यानें सांगितलें कीं आपली माहिती सुरक्षित आहे. मात्र ती पाहावयाची असेल तर चालूं वर्षाची वर्गणी भरावी लागेल. आणि जुना स्वस्त प्रकार आतां बंद झाला असल्यामुळें नव्या प्रकाराची पूर्ण वर्षाची भरावी लागेल. मुदत संपण्यापूर्वीं माहिती उतरवून घ्या, असें पत्र आम्हीं पाठविलें होतें, हेंहि त्यानें दाखवून दिलें. आणि तें खरें होतें. तें पत्र मुलाच्या जुन्या पत्त्यावर न वाचतां पडलें होतें.

शेठांनीं पैसे भरले. दार उघडलें. विक्रीची यादी एका झटक्यांत उतरून घेतां आली. परंतु खरेदीच्या बिलांचीं चित्रें एकेक करून उतरावावीं लागलीं. माझ्याकडील एका मुलानें तीन रात्री बसून तें काम केलें आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशीं उत्तर दाखल झालें. शेठ मला म्हणाले, “भाऊ, पैशाचें कांहीं नाहीं. पण माझीच वही बघायला मला तिकीट काढावें लागलें.”

त्या दिवसापासून मी या प्रश्नाकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. १८७२ च्या भारतीय करार कायद्यांत, दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या मालासंबंधीं स्वतंत्र प्रकरण आहे. कायद्याच्या भाषेंत त्याला ‘निक्षेप’ म्हणतात. त्यांतील १६० वें कलम सांगतें कीं, मुदत संपली किंवा ज्या कामासाठीं माल दिला तें पुरें झालें कीं, मागणीची वाट न पाहतां माल परत करावा. १७० वें कलम दुसरी बाजू सांभाळतें. ज्यानें त्या मालावर श्रम वा कौशल्य खर्च केलें असेल, त्याला त्याचा मोबदला मिळेपर्यंत माल अडवून धरतां येतो. कायद्यानें उदाहरणेंहि दिलीं आहेत. जवाहिऱ्याकडे हिरा पैलू पाडण्यासाठीं दिला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊं शकतो. पण शिंप्याकडे कोटासाठीं कापड दिलें आणि शिंप्यानें कोट तयार होतांच देण्याचें व पैशांसाठीं तीन महिने थांबण्याचें कबूल केलें असेल, तर त्याला पैशांसाठीं कोट अडवितां येत नाहीं. भिवंडींत तर हा व्यवहार रोजचाच आहे. शेठचें सूत कारखानदाराच्या मागावर चढतें, मजुरीनें विणलें जातें आणि ताग्यांच्या रूपानें परत जातें. सूत मागावर होतें म्हणून तें मागवाल्याचें झालें, असें कोणी म्हणत नाहीं.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. माल अडतो तो झालेल्या कामाच्या मोबदल्यासाठीं. आमच्या शेठांचें मागील चार वर्षांचें भाडें चुकतें झालेलें होतें. एक पैहि बाकी नव्हती. तरी त्यांचा माल अडला, आणि तो मागील बाकीसाठीं नव्हे, तर पुढील वर्षाच्या भाड्यासाठीं अडला. ज्या गाळ्यांत त्यांना यापुढें कांहींच ठेवावयाचें नव्हतें, त्याचें वर्षाचें भाडें भरल्याशिवाय जुन्या गांठी हलवितां येत नव्हत्या. गोदामांच्या रांगेंत अशी मागणी कोणी केली असती तर चार माणसें जमलीं असतीं. संगणकावर ती झाली, आणि आम्हीं निमूटपणें पैसे भरले. मात्र १८७२ च्या कायद्याचा आधार घेऊन आम्हांला भांडतां आलें असतें, असें मी म्हणत नाहीं. तो कायदा हातानें उचलतां येणाऱ्या मालाकरितां झाला. संगणकांतील नोंदी त्याच्या कर्त्यांच्या स्वप्नींहि नव्हत्या. अशा प्रसंगीं खरा आधार करारपत्राचा, आणि तें करारपत्र आपण न वाचतांच ‘मान्य’ म्हणून मोकळे होतों.

हें झालें जागेचें कुलूप. येथें माल दुसऱ्याच्या गाळ्यांत होता. परंतु माल आपल्या घरांत, आपल्या कपाटांत असूनहि कुलूपबंद असूं शकतो. समजा, एक छापखानेवाला आहे. लग्नपत्रिका, चलनबुकें, कापडाच्या ताग्यांवरील लेबलें यांचे दहा वर्षांचे नमुने त्याच्याच संगणकांत आहेत. ते त्यानें ‘इनडिझाइन’ या साधनानें तयार केले. वर्गणी थांबली तर ॲडोबी त्याच्या संगणकांतून एकहि फाइल काढून नेत नाहीं. पण त्या फाइली ज्या सांकेतिक रूपांत लिहिलेल्या आहेत, तें रूप जवळजवळ तें एकच साधन जाणतें. दुसऱ्या साधनांना समजेल असें रूप काढतां येतें, पण तें काढावयाचें तें याच साधनाच्या मदतीनें, म्हणजे वर्गणी चालूं असतांनाच. याला मी भाषेचें कुलूप म्हणतों.

मराठी माणसाला हें कुलूप चांगलेंच परिचयाचें आहे. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे संगणकावर मराठी छपाई सुरू झाली. पुण्याच्या सी-डॅकनें आणि ‘श्रीलिपि’ काढणाऱ्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकसारख्या कंपन्यांनीं तें काम शक्य केलें, हे त्यांचे उपकार आहेत. परंतु त्या काळांत बहुतेक विक्रेते मराठी अक्षरें आपापल्या निराळ्या संकेतांनीं रोमन अक्षरांच्या जागीं बसवीत. म्हणून एका विक्रेत्याच्या टंकांत केलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, तर मराठीऐवजीं रोमन अक्षरांचा अर्थहीन काला दिसे. कित्येक साधनांना तर संगणकाच्या पाठीमागें एक लहानशी कुलुपी लावावी लागे. ती नसेल तर साधन चालत नसे. कुलुपी बिघडली, संगणक बदलला, कीं मजकूर असून नसल्यासारखा. अनेक लेखकांचीं आणि प्रकाशकांचीं पुस्तकें अशा फाइलींत अडकलीं आणि कित्येकांना तीं पुन्हां अक्षर-अक्षर टंकून घ्यावीं लागलीं.

यांतून सुटका कशी झाली? भांडून नव्हे, तर सर्वांना मोकळा असा एकच संकेत मान्य करून. १९९१ सालीं युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति निघाली आणि तींत देवनागरीला स्वतःचें स्थान मिळालें. हळूहळू संगणकांनीं आणि मग मोबाइलांनीं तो संकेत स्वीकारला. आज एका कंपनीच्या फोनवर लिहिलेलें मराठी पत्र दुसऱ्या कंपनीच्या फोनवर विनासायास वाचतां येतें, आणि त्यासाठीं कोणाची परवानगी लागत नाहीं. टंक विकणाऱ्यांचा धंदा बुडाला नाहीं. सुंदर टंक आजहि विकले जातात. फक्त मजकूर विक्रेत्याच्या हातून सुटून लेखकाच्या हातीं आला. साधन भाड्याचें आणि माल आपला, हा भेद राखतां येतो, याचें याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं.

जुन्या कागदांचें मोल काय असतें हें महाराष्ट्राला सांगावयास नको. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत संपादिले. त्यांतील कित्येक पत्रें तेव्हां पावणेदोनशें-दोनशें वर्षांचीं होतीं. मोडी वाचणारा पाहिजे, एवढीच त्या कागदांची अट होती. आणि मोडी कोणालाहि शिकतां येते. ज्यानें तो कागद केला किंवा ती शाई विकली, त्याच्या वारसाकडे जाऊन दर वर्षीं परवाना काढावा लागला असता, तर त्या खंडांपैकीं किती निघाले असते?

आतां तिसरें कुलूप, तें हुकुमाचें. वर्गणी चुकती आहे, भाषाहि समजते आहे, तरी दूर कोठें तरी एखादा निर्णय होतो आणि दार बंद होतें. नायरा एनर्जी ही तेलकंपनी आपल्या ऐकण्यांत असेल. तिची मुख्य कचेरी मुंबईंत आणि तेलशुद्धीचा कारखाना गुजरातेंत वाडीनार येथें आहे. रशियाच्या रोसनेफ्टचा तींत मोठा वांटा आहे. १८ जुलै २०२५ रोजीं युरोपीय संघानें तिच्यावर निर्बंध घातले; आणि २२ जुलै रोजीं मायक्रोसॉफ्टनें तिच्या सेवा बंद केल्या. कंपनीच्या नोकरांना आपला पत्रव्यवहार उघडतां येईना. पूर्ण पैसे मोजून घेतलेले परवाने असतांना आपलीच माहिती आपणांस मिळूं नये, ही तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयांत गेली, आणि महिना संपण्यापूर्वीं सेवा पूर्ववत् सुरू झाल्या. भारतानें कोणताहि निर्बंध घातलेला नसतांना भारतांतील एका मोठ्या कंपनीवर हा प्रसंग आला. त्यापूर्वीं २०१९ च्या ऑक्टोबरांत, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आज्ञेमुळें व्हेनेझुएलांतील सर्व ग्राहकांचीं खातीं बंद करीत आहों, असें ॲडोबीनें जाहीर केलें होतें. पुढें अमेरिकन सरकारची अनुज्ञा मिळाल्यावर तो निर्णय मागें घेतला गेला. दोन्ही ठिकाणीं दार पुन्हां उघडलें. परंतु नायराजवळ मोठे वकील होते. आपल्या मागवाल्याजवळ ते नाहींत.

कोणी म्हणतील, मग स्वदेशी कंपनीचें साधन घ्यावें. अवश्य घ्यावें, परदेशी हुकुमाचें कुलूप त्यानें टळेल. पण जागेचें आणि भाषेचें कुलूप त्यानें आपोआप टळत नाहीं. घरमालक आपल्या गांवचा आहे म्हणून भाडेकरूचें सामान सुरक्षित होत नाहीं. तें सामान बाहेर काढण्याची वाट मोकळी असावी लागते.

कायदा येथें काय म्हणतो? एका बाजूनें तो आपल्यावर ओझें टाकतो. वस्तु व सेवा कराच्या कायद्याप्रमाणें हिशेबाचीं पुस्तकें आणि कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षें, जपून ठेवणें बंधनकारक आहे. कंपनी असेल तर तिला आठ वर्षांचीं पुस्तकें ठेवावीं लागतात. म्हणजे जबाबदारी सहा किंवा आठ वर्षांची, आणि किल्लीची मुदत एका वर्षाची! मध्यंतरींचीं वर्षें कोणाच्या भरंवशावर काढावयाचीं, हें कायदा सांगत नाहीं. दुसऱ्या बाजूनें त्यानें दिलेला आधार तोकडा आहे. न्यायमूर्ति बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनें २०१८ सालीं केलेल्या मसुद्यांत, आपली व्यक्तिगत माहिती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला दिला होता. २०२३ च्या कायद्यांत तो हक्क राहिला नाहीं. युरोपीय संघाचा यासंबंधींचा कायदा मात्र १२ सप्टेंबर २०२५ पासून लागूं झाला. आणि ग्राहकाला आपली माहिती घेऊन दुसऱ्या पुरवठादाराकडे जातां आलें पाहिजे, व १२ जानेवारी २०२७ पासून या स्थलांतराबद्दल आकारहि घेऊं नये, असें त्यानें ठरविलें. आपल्याकडेहि असा नियम व्हावा, अशी मागणी व्यापारी मंडळांनीं आणि हिशेबनिसांच्या संस्थांनीं करावयास हवी. मागणी मोठी नाहीं. वर्गणी संपल्यावर कांहीं निश्चित काळ, पुढील भाडें न घेतां, ग्राहकाला आपला माल सर्वमान्य रूपांत उचलूं द्यावा, एवढीच ती असावी.

पण नियम होईपर्यंत हात बांधून बसावें असें नाहीं. चार गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

पहिली, साधन घेतांना आंत जाण्याची वाट सर्वच विचारतात. आपण बाहेर पडण्याची विचारावी. मी उद्यां सोडून गेलों तर माझें काय मिळेल, कोणत्या रूपांत मिळेल, आणि किती दिवस मिळेल? उत्तर लेखी मागावें. जो दुकानदार उत्तर देण्यास टाळाटाळ करील, त्याचें उत्तर मिळालें असें समजावें.

दुसरी, महिन्याचा एक दिवस ठरवून आपली नक्कल बाहेर काढावी. खतावणी आणि याद्या साध्या तक्त्याच्या रूपांत काढाव्या; बिलें आणि पत्रें पीडीएफच्या रूपांत. पीडीएफ हें रूप २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक झालेलें आहे आणि तें उघडणारीं साधनें अनेक आहेत. मजकूर आणि तक्ते यांसाठींहि २००६ पासून मोकळें मानक आहे, आणि २०१० सालीं सुरू झालेलें ‘लिबरऑफिस’ हें विनामूल्य साधन तें वापरतें. मायक्रोसॉफ्टच्या बहुतेक फाइलीहि तें उघडतें. अशा नकलेंत सर्व कांहीं येत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पीडीएफमध्यें दिसणें टिकतें, पण बेरीज पुन्हां करतां येत नाहीं. तक्त्यांत आंकडे टिकतात, पण नोंदींचे परस्परसंबंध कांहीं वेळां तुटतात. म्हणून दोन्ही रूपें ठेवावीं. छापखानेवाल्यांनीं नमुन्याबरोबर दुसऱ्या साधनाला समजेल असें रूप आणि युनिकोडांतील मजकूर जपावा.

तिसरी, काढलेली नक्कल दुसऱ्या संगणकावर, तें वर्गणीचें साधन नसतांना, उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे, ती केवळ समजूत आहे. आणि ती तळमजल्यावर ठेवूं नये. आमच्या शेठांचा लगदा आठवावा.

चौथी गोष्ट घरगुती आहे. खातें मालकाच्या नांवावर, मालकाच्या चालूं पत्त्यावर आणि मोबाइलवर असावें. मुनिमाच्या किंवा नोकरी बदललेल्या मुलाच्या नव्हे. घरांतील आणखी एका विश्वासू माणसाला किल्ली कोठें आहे हें ठाऊक असावें. तिजोरीची किल्ली कोठें आहे हें घरच्या बाईला सांगून ठेवणारे लोक, परवलीचा शब्द मात्र कोणाला न सांगतां निघून जातात.

श्रोतेहो, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं आपल्या पेढ्यांवर वहीपूजन होतें. कित्येक ठिकाणीं आतां वहीच्या शेजारीं संगणकहि पाटावर येतो आणि त्यालाहि हळदकुंकू लागतें. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. जेथें हिशेब तेथें पूजा. आमचे शेठ गेल्या दिवाळींत असेच संगणकापुढें बसले होते. मात्र पूजेपूर्वीं त्यांनीं मुलाकडून वर्षाची सर्व नक्कल एका लहानशा डिस्कवर काढून घेतली, शेजारच्या दुकानांतील संगणकावर ती उघडून पाहिली, आणि मग ती डिस्क पाटावर ठेवली. ज्या वहीवर आपण कुंकू वाहतों ती आपल्या घरांत आहे कीं दुसऱ्याच्या गाळ्यांत, एवढें पाहून घ्यावें, हीच आपणां सर्वांना माझी विनंति आहे.